माळ पायांवरून उतरेपर्यंत

नोकरीभर मी माणसांच्या तोंडांपेक्षा त्यांचे दंडच जास्त पाहिले. आजही महागावच्या बाजारात कोणी "ओळखलं काय बाई?" म्हणत समोर उभं राहिलं, की माझी नजर आधी त्याच्या कोपराच्या खोबणीकडे जाते. शीर ओळखीची निघाली की माणूस आठवतो. आमचे हे म्हणतात, तुझ्या हातून लग्नात नवरीला हळद लावायचीही सोय नाही, तू आधी शीर चाचपशील. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

मी ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. दारावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं, पण ती पाटी कोणी वाचली असेल असं वाटत नाही. सगळ्यांसाठी मी 'रक्तवाल्या बाई'. काम तसं सोपं. रक्त काढायचं, नळीत गोठू द्यायचं, मग ती नळी गरगर फिरणाऱ्या यंत्रात ठेवायची. लाल भाग तळाशी बसतो आणि वर पाणी उरतं. धडधाकट माणसाचं ते पाणी वाळल्या गवताच्या रंगाचं असतं. कावीळ झालेल्याचं पाणी हळद कालवल्यासारखं पिवळंधमक. रसायनं घालून नेमका आकडा काढायचा तो नंतर, पण नळी उजेडात धरली की मला अर्धं कळलेलं असायचं.

आणि आमच्या भागात कावीळ म्हटली की लोक आधी दवाखान्यात येत नसत, आजही सगळे येत नाहीत. ते जातात माळ घ्यायला.

ज्यांनी ही माळ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. एका वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे एकेक करून दोऱ्यात गाठवतात. माळ एवढीशी असते, डोक्यावर चुंबळीसारखी बसते. मग ती वाढू लागते. डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, छातीवरून कमरेवर. शेवटी एक दिवस पायांवरून खाली पडते आणि माणूस तिच्यातून बाहेर पाऊल टाकतो. कावीळ उतरली! उतरलेली माळ हिरव्या झाडावर टाकून द्यायची. तोवर तेल, हळद, तळलेलं, मटण सगळं बंद, शेतातली कामं बंद. आणि शिरेत सुई अजिबात नाही. माळ अंगावर असताना सुई घेतली, तर कावीळ आत शिरते म्हणतात.

आमच्याकडची माळ बांधणारी होती जमनायाडी. ओढ्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर तिचं घर. त्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई, आणि ती सगळ्या तालुक्याची याडी होती. हातभर बांगड्या, कपाळाला आठी आणि जीभ अशी तिखट की समोरच्याची कावीळ भीतीनंच उतरावी. कोणाकडून काही घेत नसे. वनस्पतीचं नाव मात्र कोणालाच सांगितलं नाही. नाव सांगितलं की गुण जातो, म्हणायची. मी पुष्कळ अंदाज केले, तिनं एकाही अंदाजाला हो किंवा नाही म्हटलं नाही.

माळ घालणारे सगळे अडाणी असतात असं कोणाला वाटत असेल तर तेही सांगते. एक वकीलसाहेब हेल्मेट घालूनच लॅबमध्ये आले. खुर्चीत बसले, बाही वर केली, तरी हेल्मेट काढेनात. मी म्हटलं, "साहेब, रक्त काढताना कोणी पडत नाही इथं." ते लाजले. हेल्मेटखाली माळ होती. बायकोनं बसवलेली, सुई घेतल्याचं तिला सांगू नका, असं ते म्हणाले. असले नवरे मी पुष्कळ पाहिले. माळ नेहमी बायकोनंच बसवलेली असते.

एकदा एकाची माळ लॅबच्या बाहेर पडलेली सापडली, अजून ओली होती. मी ती सलाइनच्या स्टँडला अडकवून ठेवली. काड्या वाळल्या, बारीक झाल्या, गाठी सैल पडल्या, दोरा मोकळा झाला. माळ पार जमिनीला टेकली. मला कोण आनंद झाला! पुढच्या बाजाराला जमनायाडी भेटली तेव्हा तिला ऐकवलं, "याडी, तुझी माळ लोखंडाच्या सळीवरही वाढते बरं का."

तिनं पान चावता चावता विचारलं, "त्या सळीले कावीळ नोहती हे तू तपासलं काय?"

 मी माझी भाजीची पिशवी उचलून चालू लागले.

खरी गोष्ट अशी की घाण पाण्यानं होणारी साधी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. दवाखान्यात डॉक्टर काय सांगतात? आराम करा, पाणी उकळून प्या, हलकं खा. गोळी देत नाहीत, सुई देत नाहीत. माणसाला वाटतं, फसवलं. घरी जाऊन तो दुसऱ्याच दिवशी कपाशीत फवारणीला उभा. पण तोच आराम माळेनं सांगितला तर घरचे त्याला खाटेवरून उठू देत नाहीत. आमचं जे कोणी ऐकत नव्हतं ते माळेचं सगळे ऐकत. मला याचा राग यायचा, आणि थोडा हेवाही वाटायचा.

वाईट व्हायचं ते दुसऱ्या काविळींत. पित्ताच्या वाटेत खडा अडकला, गाठ आली, तरी डोळे पिवळेच होतात. गावात एक शिंपीकाका होते. त्यांची माळ पायांवरून उतरली आणि डोळे पिवळेच राहिले. दुसरी घातली, तीही उतरली. तेव्हा जमनायाडीच त्यांना रिक्षात घालून माझ्याकडे घेऊन आली. "बाई, माळ खोटं बोलून राह्यली. तू पाह्य," एवढंच म्हणाली. पोटात गाठ होती. फार उशीर झाला होता. ते गेले तेव्हा ती त्यांच्या दारात दिवसभर बसून होती. माझ्या शाळेच्या गणवेशापासून माझ्या मुलीच्या फ्रॉकपर्यंत सगळं त्यांनी शिवलेलं. आजही तो माणूस आठवला की वाटतं, थोडे आधी आले असते तर.

त्यानंतर आमच्या दोघींत एक बोली ठरली. आधी रक्त, मग माळ. माझा कागद आल्याशिवाय ती काडी हातात घेणार नाही. कागदात नुसती साधी कावीळ असेल तर ती माळ बांधेल, आणि पथ्यात तेल-हळदीच्या जोडीला 'उकळलेलं पानी' असं तिच्याच तोंडानं सांगेल. आणि डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात जा म्हटलं तर ती माणसाला दारात उभंही करणार नाही. डॉक्टरांना ही बोली फारशी रुचली नव्हती. म्हणाले, "मॅडम, आपण माळेला मान्यता दिल्यासारखं होतंय." मी म्हटलं, "साहेब, माळेला तुमची मान्यता कधीपासून लागायला लागली?"

अशी आमची गाडी रुळावर होती. मग सविता आली.

दिवाळी तोंडावर आलेली. बाजाराचा दिवस, दवाखान्यात ही गर्दी. गावात घरोघरी आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई एका गरोदर बाईला धरून घेऊन आल्या. दिवस भरत आलेले, पोट पुढे, पदर कपाळापर्यंत ओढलेला. शेतकऱ्याघरची सून, नाव सविता. मागे सासू केसरबाई आणि नवरा विनोद. आशाताई म्हणाल्या, चार घास पोटात टिकत नाहीत, दिवसभर झोपूनच असते, निदान रक्त किती आहे ते तरी बघा.

मी रबराचा पट्टा उचलला तशी केसरबाई आडव्या आल्या. "शिरेतून नोको बाई. बोटातून घ्या."

तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण हातासरशी मी बोट टोचलं. थेंब घेतला, कापूस दाबायला दिला आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले. परत पाहिलं तर कापूस लाल. बदलला. तोही भिजला. बोटाला एवढंसं टोचलेलं, आणि रक्त थांबेना.

 रक्त गोठवणारा माल यकृत तयार करतं. ते थकलं की बोटाची जखमसुद्धा बंद होत नाही, आणि या बाईचं तर बाळंतपण पुढे होतं. मी तिचा पदर मागे सारला. डोळे पिवळेजर्द, आणि गळ्यात माळ. मी हाक मारली तर सवितानं माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण ते तिला उमगत नव्हतं.

साधी कावीळ आपोआप उतरते असं मी वर लिहिलं. गरोदर बाईचं तसं नाही. तिला तीच कावीळ कधी कधी गिळून टाकते.

डॉक्टर धावत आले. पाहिलं आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता यवतमाळ. गाडी लावा, हाताला सलाइन लावा. केसरबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला.

"सलाइन नाई. माळ हाये अंगावर. सुई गेली त कावीळ पोटातल्या लेकरावर जाईन."

"मग माळ काढा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी ट्रेमधली कात्री उचलली. तरुण माणूस, जीव तोडून काम करणारा, पण कात्री उचलली आणि घोटाळा केला. केसरबाई ओरडल्या, "अर्धी माळ तोडली त बाई मरते!" आणि सुनेला जवळजवळ उचलून दाराकडे निघाल्या. विनोद कधी आईकडे पाही, कधी बायकोकडे. "मायचं आयकू का डाक्टरचं, सांगा न बाई," तो मला म्हणाला. त्याचा आवाज रडका झाला होता.

मी म्हटलं, "दोघांचंही नको ऐकू. जिनं माळ बांधली तिचं ऐकशील?"

यावर केसरबाई थबकल्या.  मी आशाताईंना म्हटलं, बोट दाबून धरा, आणि अंगावरच्या पांढऱ्या कोटानिशी बाजारात पळाले. लोक वाट देत होते, कोणाला वाटलं असेल बाई चोर पकडायला निघाली. जमनायाडी मिरचीच्या ढिगापाशी बसून एकेक मिरची निवडत होती.

"याडी, तू दोन जिवांच्या बाईला माळ बांधलीस?"

ती हातातली मिरची टाकून उठली. "कोन म्हनते? दोन जिवाच्या बाईले म्या कधी बांधली नाई. पोटावर माळ अडकते वं, खाली येतच नाई."

रिक्षात मी तिला सगळं सांगितलं. दवाखान्यात आल्यावर तिनं सविताच्या गळ्यातली माळ बोटांत घेऊन पाहिली आणि केसरबाईंकडे वळली.

"हे त म्या तुह्या पोराच्या नावानं बांधली होती. पोराले कावीळ झाली म्हनली न तू? बाईचा कागदबी आनला होता."

कागद विनोदचा होता आणि मीच दिलेला होता. त्याला खरंच कावीळ झाली होती. मग सुनेलाही झाली. गरोदर बाईला याडी माळ देत नाही हे केसरबाईंना माहीत होतं, म्हणून त्यांनी मुलाचा कागद दाखवून माळ घेतली आणि सुनेला घातली. मुलाला काय, तो धडधाकट आहे, आपोआप बरा होईल. माळ जिला जास्त गरज तिला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि तेच जास्त अवघड होतं. रागवायचं तरी कोणावर?

"काढ मंग याडी," केसरबाई रडू लागल्या. "माह्यं चुकलं. पन तोडू नोको."

"तोडत नाई. पन बांधलेली माळ अर्ध्यात टाकताबी येत नाई. कोनाच्या तरी अंगावरून ते खाली उतराव लागते. पथ्यासगट."

"माह्या गळ्यात घाल."

"तू खोटं बोलून नेली. तुह्या अंगावरून नाई उतरनार." आणि मग तिची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. "बाई, तू घे. सळीवर वाढते म्हने न? मंग तुह्याबी अंगावर वाढीन."

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. आशाताई पाहत होत्या. मी विज्ञान शिकलेली बाई, भिंतीवर अंधश्रद्धेविरुद्धचं पोस्टर मीच चिकटवलेलं. आणि सविताचं बोट अजून वाहत होतं.

मी मान खाली केली. जमनायाडीनं माळ सविताच्या डोक्यावरून वर काढली, पुटपुटत माझ्या गळ्यात टाकली आणि केसरबाईंना म्हणाली, "आता तुह्या सुनेवर माळ नाई. डाक्टर म्हनीन थे सगळं करू दे. मधात बोलशीन त पाह्य." केसरबाईंनी सुनेचा हात सोडला. सलाइन लागली, गाडी निघाली. विनोदला तीन वेळा बजावलं की पोचल्यावर फोन कर.

गाडी गेल्यावर मी सहज माळेला हात लावला तर याडी खेकसली, "काढशीन त पाह्य! तेल नाई, हळद नाई, तळलेलं नाई. आयकलं?"

"याडी, दिवाळी आहे गं."

"मंग?"

घरी माझं स्वागत कसं झालं ते विचारू नका. सासूबाईंनी आधी माझे डोळे उघडून पाहिले. आमचे म्हणाले, "रक्तवाल्या बाईंचं रक्त कोण तपासणार?" त्या वर्षीचा चिवडा, शेव, चकल्या मी तळल्या आणि एकही चाखली नाही. मीठ बघायला शेजारणीला बोलवावं लागलं. नरकचतुर्दशीला घरात सगळे तेल-उटणं लावून बसले आणि मी कोरडीच न्हाले, कारण तेल बंद आणि उटण्यातही हळद. जेवायला बिनफोडणीचं पांढरं वरण आणि भात. डॉक्टरांना माळ दिसू नये म्हणून कोटाचं वरचं बटण लावून हिंडायचे. त्यांनी पाहिली होतीच. एकदा फक्त म्हणाले, "मॅडम, कुठपर्यंत आली?"

यवतमाळहून येणाऱ्या बातम्या अर्ध्यामुर्ध्या. विनोद फोनवर म्हणायचा, "अजून बोलून नाई राह्यली. रक्त चढवून राह्यले. पोटातलं लेकरू बरं हाये म्हनते. लेकरू झालं, पोरगी हाये, पन सविता डोळे नाई उघडत." फोन ठेवला की मी आरशापुढे उभी राहायचे. माळ छातीवर. माळ पोटावर. मग ती कमरेवर येऊन अडकली. देवानं मला बांधा भरदार दिलेला, तिथून ती हलेना.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजारणीनं करंज्या दिल्या. स्वयंपाकघरात मी एकटीच होते. एक करंजी उचलून ओठांपाशी नेली. माझ्या करंजीचा आणि सविताच्या यकृताचा काडीचा संबंध नाही, हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक असेल? यकृताला काय होतं, ते कसं सावरतं, सगळं मला पाठ. तरी मी करंजी खाली ठेवली आणि हात धुतले. भीती वाटली. मला खोटं बोलवत नाही, फार भीती वाटली.

आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माळ कशासाठी असते. मोठ्या दवाखान्यात जे चाललं होतं त्यात मला काही करता येत नव्हतं. इथं करण्यासारखं एवढंच होतं, न खाणं. ज्यांच्या घरचं माणूस आजारी असतं त्यांनाही काहीतरी करायला हवं असतं, आणि आम्ही दवाखान्यातले त्यांना फक्त बाहेर थांबा म्हणतो.

भाऊबीज आली आणि गेली. सकाळी मी लॅबचं कुलूप काढत होते तेव्हा फोन वाजला. विनोद इतका मोठ्यानं ओरडत होता की काही कळेना. "बाई, बोलली! पानी माग्तलं! पोरगी कोनावर गेली म्हून इचारलं!" मी कुलूप तसंच सोडून पायरीवर बसले आणि रडले. रांगेतले लोक मलाच पाणी आणायला धावले.

"आता काढ ती माळ," आमचे म्हणाले. पण बोललेला शब्द होता. शिवाय माझी खोड मोडली होती. दिवस गेले, काड्या आणखी वाळल्या, आणि एकदा ओट्यापाशी भांडी घासताना माळ आपसूक सरकली आणि पायांपाशी पडली. मी तिच्यातून बाहेर पाऊल टाकलं आणि ती परसातल्या कडुलिंबावर टाकली. बाजारात जमनायाडीला सांगितलं, तर म्हणाली, "माह्या माळेनं वाचली म्हनू नोको वं कोनाले. डाक्टरनं वाचवली." मी म्हटलं, "मग मला दिवाळीभर उपाशी का ठेवलंस?" ती हसली आणि मिरच्या निवडू लागली.

सविता आली ती गुढीपाडव्याच्या सुमारास, ऊन तापायला लागल्यावर. काखेत मुलगी, मागे केसरबाई आणि विनोद. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं होतं. मी सवयीनं बोटाची सुई उचलली.

"बोटातून नोको बाई," केसरबाई म्हणाल्या. "शिरेतून घ्या. चांगलं तपासा."

सवितानं बाही आपण होऊन वर केली. मी रक्त काढलं, जागेवर कापूस दाबला, आणि तिचं लेकरू माझ्याकडे टकमक पाहत असताना कापूस उचलला. तो जवळजवळ कोरडा होता. मी मुद्दाम पुन्हा पाहिलं. थेंबसुद्धा येत नव्हता. यंत्रातून नळी काढून उजेडात धरली तर वरचं पाणी वाळल्या गवताच्या रंगाचं.

केसरबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. उघडला तर चकल्या, करंज्या, शेव. एवढ्या उन्हात, भलत्याच महिन्यात, ताज्या तळलेल्या.

"तुमची दिवाळी राह्यली होती न बाई," त्या म्हणाल्या.

लॅबमध्ये काही खायचं नाही हा नियम माझाच. म्हणून डबा घेऊन आम्ही बाहेर पायरीवर बसलो, आणि मी पहिली चकली तोडली ती सगळी एकटीनं खाल्ली. मीठ कसं झालंय ते कोणालाही विचारलं नाही.